गग्ग भिक्खू आणि आमची विहारे

वर्षावासात आमच्या विहारांतून सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत उपासक-उपासिका मुलाबाळांसह येतात. पण वस्तीत एखादे घर असे असते की त्या घरातली सगळी माणसे एकदम कधीच येत नाहीत. कोणीतरी एकजण मागे थांबतो. घरात मनाचा आजार जडलेला मुलगा असतो, किंवा बाळंतपणानंतर भ्रमिष्टासारखी वागू लागलेली सून असते. वाचन चालू असताना तो मध्येच उठून बोलू लागला तर? ती रडू लागली तर? लोक काय म्हणतील? या धास्तीने त्यांना घरातच ठेवले जाते, आणि ‘घेऊन या, आम्ही सांभाळून घेऊ’ असे सांगायला सहसा कोणी त्या घरी जात नाही.

भगवान बुद्धांच्या संघापुढे हाच प्रश्न आला होता. विनयपिटकातील महावग्गात ती हकीकत आहे. उपोसथाच्या कामासाठी भिक्खू जमले. पण गग्ग नावाचा भिक्खू आला नव्हता. त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते. संघाचे कर्म सर्वांनी मिळून करायचे असा नियम. मग आता काय करावे? भगवंतांनी नियम मोडला नाही आणि गग्गालाही काढून टाकले नाही. संघाने सर्वांसमक्ष अशी संमती द्यावी, असे त्यांनी ठरवून दिले की, गग्गाला उपोसथाची आठवण राहो वा न राहो, तो येवो वा न येवो, संघाने आपले काम करावे. म्हणजे त्याच्या गैरहजेरीने संघाचे अडत नाही, आणि ज्या दिवशी तो येईल त्या दिवशी त्याची जागा त्याचीच असते. केवढी शहाणपणाची तोड आहे ही! याच विनयात, चित्त भ्रमिष्ट झालेल्या भिक्खूच्या हातून नियमभंग घडला तर त्याला दोष लागत नाही, असे जागोजागी सांगितले आहे.

गग्गाची गोष्ट इथे संपत नाही. पुढचा भाग चुल्लवग्गात आहे आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. गग्ग बरा झाला. वेडाच्या भरात तो न शोभणारे पुष्कळ बोलला होता, वागला होता. आता काही भिक्खू त्याला छेडू लागले की, तू असे असे केलेस, आठवते का? तो बिचारा सांगे की, मी तेव्हा भानावर नव्हतो, मला त्यातले काही आठवत नाही. तरी ते पुन:पुन्हा तेच विचारीत. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी ‘अमूळ्हविनय’ घालून दिला. बऱ्या झालेल्या भिक्खूने संघाकडे तीन वेळा मागणी करावी आणि संघाने जाहीर ठराव करून तो विषय कायमचा मिटवावा. संघातील वाद मिटविण्याचे जे सात मार्ग विनयात आहेत, त्यांपैकी हा एक.

आता आमच्या वस्तीकडे पाहा. औषधोपचाराने बरा झालेला पोरगा कामावर जाऊ लागतो, आणि चौकात कोणीतरी हटकतोच, ‘काय रे, आता डोकं ठीक आहे ना?’ बायको जरा मोठ्याने बोलली की नवरा म्हणतो, ‘गोळी घेतली नाहीस वाटतं आज.’ तिला रागावण्याचाही हक्क उरत नाही. कित्येकांना दुखण्यापेक्षा हे टोमणेच अधिक खातात. लग्न जमविताना तर दहा वर्षांपूर्वीचे दुखणेही उकरून काढले जाते.

पटाचारेची कथा आमच्या माता-भगिनींना ठाऊक आहे. नवरा, दोन मुले, आईबाप, भाऊ, सारे एकापाठोपाठ गेले आणि ती भान हरपून उघडीच हिंडू लागली. लोक म्हणाले, या वेडीला इकडे येऊ देऊ नका. भगवंत म्हणाले, येऊ द्या. कोणीतरी अंगावर टाकायला वस्त्र दिले. हीच पटाचारा पुढे विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रगण्य ठरली.

त्रिपिटकात सगळे आमच्या मनासारखेच आहे असे नाही. अपस्मारासह पाच रोग असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये असाही नियम आहे. जीवकाचे औषध मिळावे म्हणून रोगी चीवर घेऊ लागले, त्यातून तो झाला. पण प्रव्रज्या निराळी आणि वंदनेला येऊन बसणे निराळे.

विहारात आणायचे म्हणजे विहारातच बरे करायचे, असे मात्र कोणी समजू नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही आजाऱ्याला देवऋषीकडे नेले जाते, हे दु:ख आहेच. त्याच्या जोडीला आता ‘ध्यान कर, गोळ्या सोड’ असा सल्ला देणारे निघाले आहेत. गंभीर मनोविकार असलेल्यांनी विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराकडून बरे होण्याची अपेक्षा ठेवू नये, असे त्या शिबिरांच्या नियमावलीतच सांगितलेले असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. साखळीने बांधून तर मुळीच ठेवू नये. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडात अडकलेल्या २८ मनोरुग्णांचा कोळसा झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असे बांधणे बंद केले आहे.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. ज्या घरात असा आजारी आहे तेथे दोघांनी जावे, शक्यतो एक बाई असावी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार कोणत्या दिवशी असतो ते विचारून ठेवावे आणि पहिल्या खेपेस सोबत जावे. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजारही धरला आहे, त्याच्या दाखल्यासाठी अर्ज भरून द्यावा. आणि परतताना वंदनेची वेळ सांगून यावे; शेवटी बसा किंवा मध्येच उठून जा, कोणी मागे वळून पाहणार नाही, असेही सांगावे.