यतीम बारा महिन्यांचा असतो

रमजानचा दुसरा अशरा संपत आला, की जालन्यातील मस्तगडच्या गल्ल्यांमध्ये पिशव्यांची वर्दळ सुरू होते. पीठ, तांदूळ, डाळ, साखर, तेल, खजूर, शेवया. असरच्या नमाजनंतर तरुण मुले दुचाकीवर पिशव्या लादून घरोघर जातात. हातात एक यादी असते: विधवा, आजारी, यतीम. ईदच्या नमाजपूर्वी फितराही पोहोचतो. हे सारे चांगलेच आहे आणि ते चालू राहिलेच पाहिजे.

प्रश्न आहे तो पिशवी रिकामी झाल्यानंतरचा. एक घर डोळ्यांसमोर आणावे. वडील सळईच्या कारखान्यात मजूर होते, ते अचानक गेले. आई चार घरची धुणीभांडी करते आणि रात्री शिलाई मशीनवर बसते. तीन मुले, त्यातला थोरला नववीत. रमजानमध्ये या घरी दोन-तीन ठिकाणांहून किट येतात, कधी एकाच आठवड्यात. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. शाळा उघडते जूनमध्ये. वह्या, गणवेश, शिकवणी आणि पावसाळ्यातला ताप यांच्या वेळी दारावर कुणी येत नाही. थोरला ‘सुट्टीपुरता’ म्हणून गॅरेजवर जातो. सुट्टी संपते, तो मात्र तिथेच राहतो. असे घर शोधण्यासाठी कुणालाही फार लांब जावे लागणार नाही.

मराठीत ‘अनाथ’ म्हटले, की आई आणि वडील दोघेही नसलेले मूल डोळ्यांपुढे येते. त्याच्या पाठोपाठ अनाथाश्रमाची इमारतही येते. शरीअतमधला ‘यतीम’ वेगळा आहे. वयात येण्यापूर्वी ज्याचे वडील वारले, तो यतीम; मग त्याची आई हयात का असेना. म्हणजे यतीम बहुतेक वेळा आश्रमात नसतो. तो आईजवळ, आजीजवळ, मामाच्या घरात असतो. शाळेच्या रांगेत तो इतर मुलांसारखाच दिसतो. त्याला इमारत नको असते. त्याच्या घराची चूल पेटती राहावी आणि त्याचे दप्तर खांद्यावरून उतरू नये, एवढेच त्याला हवे असते.

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. वडील अब्दुल्लाह यांचे निधन त्यांच्या जन्मापूर्वीच झाले होते. सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब. त्यानंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना घरी नेले. अबू तालिब काही श्रीमंत नव्हते आणि त्यांचा संसार मोठा होता. तरीही पुतण्या त्यांच्या मुलांबरोबर वाढला, त्यांच्यासोबत व्यापारी काफिल्यात गेला आणि मोठा झाल्यावरही त्यांच्या संरक्षणात राहिला. ही जबाबदारी एका सणापुरती नव्हती. यतीमचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या अगदी निकट असेल, असे प्रेषितांनी दोन बोटे जवळ धरून सांगितल्याचे हदीसमध्ये येते. त्या हदीसमधला शब्द मदतीचा नाही, कफालतचा आहे. कफालत म्हणजे जबाबदारी अंगावर घेणे. एकदा दिले आणि विसरलो, याला कफालत म्हणता येत नाही.

कफालतमध्ये मुलाचे नाव आणि वंश बदलत नाही. त्याच्या बापाचे नाव त्याच्याजवळच राहते, फक्त भार दुसरा उचलतो. मुस्लिम समाजाची ही जुनी रीत जगानेही मान्य केली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील विसाव्या कलमात कुटुंबाचा आधार गमावलेल्या मुलांच्या संगोपनाचे मार्ग सांगताना दत्तक आणि प्रतिपालनाबरोबर ‘कफाला’चाही नावाने उल्लेख आहे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. आपल्या देशाचा २०१५ चा बाल न्याय कायदाही हेच सांगतो, की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. त्याच कायद्यात कुटुंबाला आर्थिक आधार देऊन मूल घरातच राहू देण्याची तरतूद आहे.

ज्या मुलाचे खरोखरच कुणी नाही, त्याच्यासाठी यतीमखाना लागतोच. अशा संस्था चालवणाऱ्यांचे ऋण समाजावर आहे. पण केवळ गरिबीमुळे आईपासून मूल दूर करावे लागत असेल, तर ती मदत उलटी झाली. एका मुलाच्या वसतिगृहावर जो खर्च होतो, तो आईच्या हातात दिला तर त्यात तिची दोन मुले तिच्याजवळच शिकू शकतील का, हा हिशेब देणगी देण्यापूर्वी एकदा तरी मांडायला हवा.

मुलाचा खर्च दरमहा उचलण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकात रुजली. स्पेनमधील यादवी युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी १९३७ मध्ये अशी एक योजना सुरू झाली, तीच आजची ‘प्लॅन इंटरनॅशनल’. कोरियन युद्धाच्या काळात अशा आणखी संस्था उभ्या राहिल्या. परदेशातला एक दाता गरीब देशातल्या एका मुलासाठी ठराविक रक्कम दरमहा पाठवतो. याचा उपयोग होतो का? ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ या ख्रिस्ती संस्थेच्या मदतीवर वाढलेल्या मुलांचा अभ्यास अर्थतज्ज्ञांनी भारतासह सहा देशांत केला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आधार मिळालेली मुले इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली, असे त्यात आढळले. गॅरेजवर गेलेल्या नववीतल्या मुलासाठी एक-दीड वर्ष म्हणजे दहावीचे प्रमाणपत्र.

याच संस्थेने परदेशी निधीच्या परवानगीचा प्रश्न उभा राहिल्यावर मार्च २०१७ मध्ये भारतातले काम बंद केले. सुमारे दीड लाख मुलांचा दरमहाचा आधार एकाएकी तुटला. चूक कुणाची, हा वाद वेगळा. लांबून येणारा हात कधीही मागे जाऊ शकतो, एवढे मात्र त्यातून दिसले. शेजारच्या गल्लीतून येणाऱ्या हाताला कोणाची परवानगी लागत नाही. तो थांबला, तर दार वाजवून विचारताही येते.

जकातीचा हिशेब आता याच नजरेने पाहावा. वर्षभर शिल्लक राहिलेल्या रकमेवर अडीच टक्के. सहा लाखांची बचत, सोने किंवा दुकानातला माल असेल, तर जकात होते पंधरा हजार. अशी चार घरे एकत्र आली, तर साठ हजार. म्हणजे महिन्याला पाच हजार रुपये, बारा महिने. भुसार, बियाणे, लोखंड आणि मोसंबीच्या व्यापारावर वाढलेल्या या शहरात अशी चार घरे मिळणे अवघड नाही. आज हेच साठ हजार चाळीस-पन्नास घरांत वाटले जातात आणि एकाही घराची अडचण संपत नाही.

यावर काही प्रश्न येतात. जकात हप्त्याने देता येते का? निसाबचा मालक असलेल्या व्यक्तीला येत्या वर्षाची जकात आगाऊ देता येते, असे हनफी उलेमा सांगतात. त्यामुळे रमजानमध्ये हिशेब करून पुढच्या वर्षाची रक्कम महिन्यामहिन्याने देता येईल. आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून तपशील पक्का करावा. दुसरे, केवळ यतीम असणे पुरेसे नाही. बापाची मोठी मिळकत मागे असलेला यतीम जकातीला पात्र ठरत नाही. तो गरीब असावा लागतो. तिसरे, जकात मुलाच्या मालकीची व्हावी लागते. ती आईच्या किंवा पालकाच्या हाती त्याच्यासाठी द्यावी. आणि मुस्लिमेतर शेजाऱ्याच्या मुलासाठी नफली सदक्याचे दार उघडेच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुले याच जिल्ह्यात आहेत.

“आई पैसे नीट वापरेल का?” हाही एक प्रश्न विचारला जातो. व्यापाऱ्याला उधार देताना जितका विश्वास ठेवला जातो, तितका तरी चार घरची भांडी घासून मुले वाढवणाऱ्या बाईवर ठेवायला हरकत नाही. मुलगा शाळेत जातो की नाही, हे वर्गशिक्षकांना विचारून कळते. त्यासाठी किट हातात देऊन फोटो काढावा लागत नाही. उपकार बोलून दाखवून आणि घेणाऱ्याचे मन दुखावून दान वाया घालवू नका, अशी ताकीद कुरआनच्या सूरह बकरामध्ये आहे. मोबाइलवर फिरणारा फोटो त्या मुलाच्या वर्गातही पोहोचतो.

आणखी एक काम पैशाविना होण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. अठरा वर्षांखालील अनाथ आणि एक पालक गमावलेल्या मुलांना तिचा लाभ मिळतो. २०२३ पासून ही रक्कम प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा असतो. बाल कल्याण समिती मंजुरी देते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार कार्ड, बँक पासबुक एवढी कागदे जमवावी लागतात. ज्या बाईची मजुरी एका दिवसाने बुडते, तिला तहसीलच्या तीन-तीन फेऱ्या परवडत नाहीत. किट वाटणाऱ्या तरुणांपैकी दोघांनी एका घराची कागदे जमवून दिली, तर ती पिशवी अनेक वर्षे पुरेल. मंजुरीला आणि अनुदानाला उशीर होतो, तोवर जकात आहेच.

१७२५ मध्ये पहिल्या निजामाच्या हुकुमावरून काबिल खानाने बांधलेल्या गढीमुळे मस्तगडला नाव मिळाले. जालन्याची जुनी म्हण मात्र गढीची नाही, पाळण्याची आहे: जालना, सोने का पालना. पाळणा एकदा हलवून चालत नाही. यंदा किटची यादी हाती आली, की त्यातल्या एका यतीमच्या नावापुढे चार घरांनी आपली नावे लिहावीत. आणि ईदच्या चांदबरोबर यादी फाडून न टाकता जूनमध्ये, शाळा उघडते त्या आठवड्यात, ती पुन्हा काढावी.