शिक्का कुणाला लागतो?

'ज्ञान महत्त्वाचं, कागदाचं काय घेऊन बसलात?' हे वाक्य मी नेहमी पदवीधरांच्याच तोंडून ऐकत आलो आहे. ज्यांच्याकडे पदवी नाही, ते असं बोलत नाहीत. ऑनलाइन विद्यापीठांची चर्चा निघाली की हे वाक्य हमखास येतं. म्हणून 'युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल'ची सुरुवात कशी झाली, ते सांगतो.

शाय रेशेफ या इस्रायली उद्योजकाने २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून हे ना-नफा विद्यापीठ सुरू केलं. वर्गखोल्या नाहीत, शिकवण्याची फी नाही. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक, पुस्तकं इंटरनेटवर मोफत मिळणारी. ज्याचं इंटरनेट रडतखडत चालतं त्यालाही शिकता यावं म्हणून अभ्यास लेखी ठेवला. २०१०च्या भूकंपानंतर हैतीतल्या विद्यार्थ्यांनाही त्यात जागा दिली.

सगळं होतं, मान्यता मात्र नव्हती. शिक्का नाही म्हणून विद्यार्थी बिचकतात आणि विद्यार्थी शिकल्याशिवाय तपासणारे तपासणार काय? अमेरिकी शिक्षण खात्याने मानलेल्या दूरशिक्षण मूल्यांकन संस्थेची मान्यता मिळायला फेब्रुवारी २०१४ उजाडला. मधली पाच वर्षं जोखीम कुणी उचलली? ज्यांना दुसरा कुठलाच दरवाजा उघडा नव्हता, त्यांनी.

यात 'मोफत' शब्दही तपासून घ्यावा. मान्यता मिळाली तेव्हा एका परीक्षेचे १०० डॉलर लागत होते. ४० विषयांचे झाले ४,००० डॉलर. अमेरिकेत ही रक्कम किरकोळ असेल, रोजंदारीवरच्या घरात नाही. तिथे शिष्यवृत्तीच हवी.

माझं भांडण दोघांशी आहे. पहिले, ज्यांना ऑनलाइन म्हणजे बोगसच वाटतं. पदव्या विकणारी दुकानं आहेत, हे खरं. म्हणूनच तर तपासणी लागते. पण तपासून मान्यता मिळाल्यावरही नाक मुरडणं, याला दर्जाची काळजी म्हणत नाहीत. इमारतीची सवय म्हणतात.

दुसरे आपलेच. जलशात तालीमवर तासभर बोलतात आणि बारावीनंतर घरी बसवलेल्या मुलीला सांगतात, 'मोबाईलवर एखादा फुकट कोर्स कर.' साहेब, त्या कोर्सला विचारतं कोण? बड्या घरच्या मुलाला मामाचा एक फोन नोकरी लावतो. मोहल्ल्यातल्या मुलीकडे असा मामा नसतो. तिच्या बाजूने बोलणारा एकच, तो शिक्का.

डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठांत यायला बंदी केली. याच विद्यापीठाने अफगाण मुलींना शिष्यवृत्त्या देऊन घरबसल्या शिकवायला घेतलं. संस्थापक इस्रायली म्हणून कुणाला खटकत असेल, तर त्याने आधी हे सांगावं, की इल्मच्या नावाने भाषणं देणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी त्या मुलींसाठी दार उघडलं?

म्हणून सल्ला देताना पहिला प्रश्न हाच विचारा: ही पदवी कोण मानतं? अमेरिकेतली मान्यता म्हणजे आपोआप भारतातली नव्हे, हेही तिला स्पष्ट सांगा. आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, याची आठवण द्या. तेवढ्यावर थांबू नका. तिचा अर्ज भरून द्या, फी गोळा करा. जलशाच्या मंडपाला लागतात, त्याहून कमी पैशांत हे होतं.