समाजकार्य : व्हाया बिलगाव



आपल्या होस्टेलवर 'फॉरेन' या शब्दाला जेवढा भाव आहे तेवढा मेसमधल्या रविवारच्या गुलाबजामलाही नाही. थर्ड इयर लागलं की जीआरई, एज्युकेशन लोन, कुठल्या युनिव्हर्सिटीत कोण सीनियर आहे, याच गप्पा. यंदा त्यात एक नवीन भर पडली. माझी कॉन्व्हेंटमधली एक मैत्रीण सोशल वर्क शिकायला परदेशी निघाली आहे आणि तिचा खास विषय आहे 'इंटरनॅशनल सोशल वर्क'. हे मी आमच्या विंगमध्ये सांगितलं तर लगेच एकीने विचारलं, "समाजसेवा करायला व्हिसा कशाला लागतो गं?"

सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देशाच्या सीमा ओलांडून समाजकार्य शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं? श्रीमंत देशातल्या मुलामुलींनी गरीब देशात येऊन सहा आठवडे शाळेच्या भिंती रंगवायच्या? की आपण तिकडे जाऊन त्यांच्या थिअरीज पाठ करायच्या आणि इकडे येऊन आपल्याच माणसांना लागू करायच्या? माझं मत विचाराल तर हा विषय खरंच शिकण्यासारखा आहे. आणि तो शिकायचा असेल तर जगातल्या उत्तम वर्गांपैकी एक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात आहे. फक्त त्याची जाहिरात कुणी करत नाही.

आधी थोडा इतिहास. समाजकार्याचं शिक्षण आपल्याकडे आलं तेच मुळी समुद्र ओलांडून. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले, नागपाड्याच्या गरीब वस्तीत त्यांनी नेबरहूड हाऊस चालवलं आणि १९३६ साली टाटा ट्रस्टच्या मदतीने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तेच आजचं 'टिस'. वस्तीत राहून काम करायचं ही कल्पना लंडनच्या टॉयन्बी हॉलची (१८८४) आणि शिकागोच्या हल हाऊसची (१८८९). म्हणजे कोर्स परदेशी, पुस्तकं परदेशी आणि डोळ्यांसमोर होतं ते मोठं शहर. याच संस्थेत शिकलेल्या मेधा पाटकर १९८५ मध्ये नर्मदेच्या खोऱ्यात आल्या. पीएच.डी. अर्धवट राहिली, पण माझ्या मते सिलॅबस मात्र तिथून पुढे बदलला.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. सरदार सरोवर धरण गुजरातमध्ये, पण त्याच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी ३३ गावं येणार होती ती सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यातली. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता; नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. म्हणजे मणिबेलीच्या माणसाचं घर कुठल्या वर्षी बुडणार याचा एक धागा थेट वॉशिंग्टनला बांधलेला होता. पण मणिबेलीच्या माणसाला वॉशिंग्टन माहीत नव्हतं आणि वॉशिंग्टनला मणिबेली.

हे दोन्हीकडचं अज्ञान दूर करणं, हेच माझ्या मते आंतरराष्ट्रीय समाजकार्य.

ते झालं कसं, हे बघण्यासारखं आहे. गावागावात बैठका झाल्या, पाड्यापाड्याची माहिती गोळा झाली आणि ती जपानपासून अमेरिकेपर्यंतच्या संघटनांकडे पोहोचली. १९९० मध्ये जपान सरकारने धरणाच्या टर्बाइनसाठीची मदत थांबवली. १९९१ मध्ये जागतिक बँकेला स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करायला लावावी लागली. बँकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. समितीचे अध्यक्ष होते ब्रॅडफर्ड मोर्स आणि उपाध्यक्ष कॅनडाचे थॉमस बर्जर. बर्जर यांचं नाव मुद्दाम लक्षात ठेवा. सत्तरच्या दशकात कॅनडाच्या उत्तरेला मोठी गॅस पाइपलाइन टाकायची होती तेव्हा त्याची चौकशी त्यांनी केली होती आणि तिथल्या आदिवासींच्या वस्त्यांवर जाऊन, त्यांच्या भाषांमध्ये त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. बर्फातला तो अनुभव घेऊन हा माणूस सातपुड्यात आला. जून १९९२ च्या अहवालात समितीने स्पष्ट म्हटलं की सध्याच्या परिस्थितीत विस्थापितांचं पुनर्वसन नीट होणं शक्य नाही, बँकेने मागे सरावं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने कर्जाचा उरलेला भाग नाकारला आणि बँक बाहेर पडली.

पुढे काय झालं? इथे प्रामाणिक राहायला हवं. धरण थांबलं नाही. काम देशाच्या पैशातून चालू राहिलं, मणिबेली पाण्यात गेली, २०१७ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं आणि २०१९ मध्ये ते पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. कच्छ-सौराष्ट्राला पाणी मिळालं, त्याचा आनंद खोटा नाही. विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे, म्हणजे आपल्या होस्टेलच्या पंख्यालाही त्याचा थोडा वारा लागत असेल. धरण हवं की नको हा या लेखाचा विषय नाही. विषय हा आहे की डोंगरातल्या लोकांनी जगाला काय शिकवलं.

१९९३ मध्येच जागतिक बँकेने 'इन्स्पेक्शन पॅनेल' स्थापन केलं. बँकेच्या प्रकल्पामुळे ज्यांचं नुकसान होतंय ती सामान्य माणसं एकत्र येऊन तिथे तक्रार करू शकतात. या पॅनेलमागे जी मोठी कारणं होती त्यात नर्मदेचं प्रकरण अगदी वरचं. पॅनेलकडे पहिली तक्रार गेली नेपाळच्या अरुण-३ धरणाची आणि १९९५ मध्ये बँक त्या प्रकल्पातून बाहेर पडली. त्याआधी १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये असं निवेदन काढलं. त्याचं नाव काय? 'मणिबेली जाहीरनामा'. आपण एक्सपोर्ट म्हटलं की मिरची आणि केळी आठवतो. आपल्या जिल्ह्याने एक न्यायाची रीतसुद्धा एक्सपोर्ट केली आहे. दुःख एवढंच की ज्यांनी ती घडवली त्यांच्या स्वतःच्या घरांना ती उशिरा पोचली.

आता आपल्या म्हणजे इंजिनिअर लोकांच्या कामाची गोष्ट. धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. तिथे उदई नदीवर धबधबा. गावात वीज नव्हती. केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे तरुण इंजिनिअर आले, अमेरिकेतल्या भारतीयांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' या संस्थेने मदत केली आणि गावकऱ्यांनी श्रमदान केलं. २००३ मध्ये १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. सुमारे ३०० घरं. गणित करा: घरटी ५० वॅट. आपल्या होस्टेलवरचा एक इमर्शन रॉड एका वेळी अशा वीसेक घरांची वीज खातो! पण ५० वॅटमध्ये दोन दिवे लागतात आणि दोन दिव्यांखाली एक पोरगी अभ्यास करू शकते. थिअरी आपण सेकंड इयरलाच शिकलोय. पाण्याचा प्रवाह आणि उंची यांचा गुणाकार, त्यात गुरुत्वाकर्षण आणि एफिशियन्सी. फॉर्म्युला एका ओळीचा. पण बंधारा कुठे घालायचा, कुणाच्या शेताला आधी पाणी, मशीन कोण सांभाळणार, हे त्या ओळीत नाही. ते लोकांमध्ये बसून ठरतं.

'स्वदेस' (२००४) तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्यातल्या विजेच्या गोष्टीमागे बिलगाव आहे असं सांगितलं जातं, शूटिंग मात्र झालं वाईजवळ मेणवलीला. सिनेमात नासातला मोहन भार्गव येतो आणि गावात दिवा लागतो. टाळ्या! बिलगावच्या खऱ्या कथेत मोहन भार्गव एकटा नाही. तिथे डोक्यावरून दगड-वाळू वाहणाऱ्या बाया आहेत, केरळचे मल्याळी इंजिनिअर आहेत, अमेरिकेतून आलेला पैसा आहे, आणि शेवटही वेगळा आहे. २००६ च्या पावसाळ्यात धरणाची उंची वाढल्यावर फुगलेलं पाणी बिलगावात शिरलं आणि तो प्रकल्पच बुडाला. सिनेमावाल्यांनी हा शेवट घेतला असता तर गाणी कमी चालली असती, पण आपण जास्त शिकलो असतो.

म्हणून माझं म्हणणं असं की बाहेरून येणारा माणूस वाईट नाही. मॅनशार्ट बाहेरचे, बर्जर बाहेरचे, केरळचे ते दोस्तही बाहेरचेच. प्रश्न तो येऊन काय करतो हा आहे. ऐकतो की फक्त बोलतो? पुन्हा येतो की फोटो काढून जातो? माझी रूममेट धडगावकडची आहे, घरी पावरी बोलते. ती एकदा म्हणाली, "आमच्याकडे फोटो काढायला खूप जण येतात. फोटो द्यायला परत कुणी आलं नाही." समाजकार्याच्या कुठल्याही कोर्सचं पहिलं पान हे वाक्य असायला पाहिजे. आणि हे फक्त गोऱ्यांना लागू नाही बरं का. आमच्यासारख्या शहरातून, कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलींना धडगाव हे कॅलिफोर्नियापेक्षा लांब वाटतं. सीमा नकाशावरच असतात असं थोडंच आहे? मेसच्या टेबलावरही असतात.

२०१४ मध्ये मेलबर्नला समाजकार्याची नवी जागतिक व्याख्या ठरली. त्यात विद्यापीठीय शास्त्रांच्या बरोबरीने आदिवासी, मूळनिवासी समाजांच्या ज्ञानाला जागा दिली गेली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. म्हणजे जगाच्या नव्या सिलॅबसचे प्राध्यापक आपल्या शेजारी राहतात आणि आपण त्यांना 'मागास' म्हणून मोकळे होतो.

मग करायचं काय? मोठं काही नको. तीन साध्या गोष्टी सुचवते. एक, एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प दरवर्षी वेगळ्या गावात कशाला? एकच गाव चार वर्षं धरा. पहिल्या वर्षी फक्त ऐका. दोन, फायनल इयरचे प्रोजेक्ट विकत आणून बाइंडिंग करण्यापेक्षा निदान दोन प्रोजेक्ट त्या गावाने सांगितलेल्या कामावर होऊ द्या. बंद पडलेला हातपंप, बंद पडलेला सोलर दिवा, काहीही. सरांनी मार्क द्यावेत ते मशीन सहा महिन्यांनी चालतंय का हे बघून. तीन, होस्टेलवर आठवड्यातून एक तास पावरी आणि भिली शिकायचा वर्ग. शिकवायला बाहेरून कुणी नको, आपलेच मित्र-मैत्रिणी आहेत. आपण त्यांना इंग्लिश बोलायला शिकवू. फिटंफाट.

माझी मैत्रीण जाऊ दे परदेशी, तिला शुभेच्छा. कॅनडातल्या आदिवासींनी काय भोगलं हे ती तिथे शिकेल तर इथलं तिला जास्त कळेल. फक्त तिच्या प्राध्यापकांनी केस स्टडी म्हणून नर्मदा काढली तर तिने हात वर करून सांगावं, की हे गाव मला माहीत आहे. आणि तिने फोन करून मला विचारलं, "तू तर तिथेच शिकतेस ना, कसं आहे बिलगाव?" तर आपल्यापैकी कितीजणांना उत्तर देता येईल?

धडगावची एसटी आपल्या स्टँडवरूनच सुटते. व्हिसा लागत नाही. बघा पटतंय का!

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष