यादीची सरासरी कोणी काढली?

"सिस्टीममध्ये बसत नाही" हे वाक्य हल्ली फारच सोयीचं झालंय. ऑफिसात मॅनेजर म्हणतो, बँकेत क्लार्क म्हणतो, तालुक्याच्या गावी गेलं की टेबलामागचा बाबू म्हणतो. एकदा म्हटलं की समोरचा गप्प. जणू सिस्टीम म्हणजे आभाळातून पडलेली वस्तू, तिला आई-बाप नाहीत! या सिस्टीम बांधण्यावरच माझं पोट चालतं, त्यामुळे तिचे आई-बाप कोण असतात ते मला ठाऊक आहे. म्हणून आज जरा भांडायचं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आकड्यांच्या यादीचा एकच आकडा करणं हा एक निर्णय असतो. तो कोणीतरी घेतलेला असतो. आणि ज्याच्यावर तो निर्णय चालतो त्याला ती यादी पाहायला मिळालीच पाहिजे.

जे नातेवाईक हे वाचतात (आणि मग फोन करून "काही कळलं नाही बुवा" म्हणतात) त्यांच्यासाठी आधी थोडं सामान्य ज्ञान. सॉफ्टवेअर कंपन्यांत कामाची एक वही असते. कागदाची नव्हे, कॉम्प्युटरवरची. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध 'जिरा'. आपल्या फोडणीतल्या जिऱ्याशी संबंध नाही. गॉडझिला या राक्षसाच्या 'गोजिरा' या जपानी नावावरून ते नाव आलं. अ‍ॅटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००२ साली ती बाजारात आणली. प्रत्येक कामाचं एक तिकीट, प्रत्येक तिकिटाच्या पोटात छोटी कामं. तिकीट एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जातं, आणि मधल्या दारावर एक अट लावता येते. ही अट म्हणजे एका ओळीचं सूत्र. "पोटातल्या कामांच्या तासांची बेरीज ४० च्या आत असेल तर पुढे जाऊ दे", असं काहीतरी. दिसायला निरुपद्रवी.

आता गंमत बघा. पाच छोटी कामं आहेत. त्यांचे तास: ३, ५, ८, ० आणि एकाचा रकाना कोरा. बेरीज १६, यात वाद नाही. पण सरासरी? कोऱ्याला शून्य धरलं तर १६ भागिले ५, म्हणजे ३.२. कोरा वगळला तर १६ भागिले ४, म्हणजे ४. अट जर "सरासरी ४ पेक्षा कमी हवी" अशी असेल, तर एका हिशेबाने दार उघडतं आणि दुसऱ्याने बंद राहतं. आणि यातलं कुठलं एक 'बरोबर' असं काही नाही. एक्सेलचं सरासरीचं सूत्र कोरा रकाना वगळतं, शून्य मात्र मोजतं. एसक्यूएलही कोरं वगळतं. जावास्क्रिप्टमध्ये कोरेपणा दोन प्रकारचा असतो: एक प्रकार बेरजेत गुपचूप शून्य होऊन बसतो, दुसरा अख्ख्या बेरजेची वाट लावतो आणि उत्तर येतं "हा आकडाच नाही".

याहून वाईट म्हणजे रिकामी यादी. रिकाम्या यादीची बेरीज शून्य. "यादीतली सगळी कामं झाली का?" असं विचारलं तर उत्तर येतं "हो"! कारण न झालेलं एकही काम यादीत नाही. तर्कशास्त्राला हे मंजूर आहे, व्यवहाराला नाही. मागे एका कंपनीत नियम होता की पोटातल्या सगळ्या कामांची तपासणी झाल्याशिवाय तिकीट बंद करायचं नाही. एका टीमने मग पोटातली कामं लिहिणंच सोडून दिलं. यादी रिकामी, दार सताड उघडं. गिऱ्हाईकाने बोंब मारल्यावर चौकशी बसली. अहवालात काय आलं असेल? "सिस्टीमने मंजुरी दिली होती." धन्य!

असो. ऑफिसात यापायी फार तर एखादी डेडलाइन चुकते. माझं भांडण खरं तर पुढे आहे.

आमचं उमापूर. बीड जिल्हा, गेवराई तालुका. गावाचं नाव महसूल मंडळालाही आहे, म्हणजे आजूबाजूच्या कितीतरी गावांचं नशीब 'उमापूर मंडळ' या एका ओळीत लिहिलं जातं. पाऊस मंडळाचा, दुष्काळ मंडळाचा, पीक विमाही मंडळाचा. महावेध प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांवर मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. एका मंडळात साधारण एक केंद्र. आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते सांगायला नको. बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं. पण केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर मंडळात अतिवृष्टी, नाहीतर नाही.

पीक विम्याचं सूत्र तर जिरावाल्यांनीही शिकावं असं आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत (ही २०१६ च्या खरिपापासून) 'उंबरठा उत्पन्न' काढतात ते असं: गेल्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं घ्या, त्यांची सरासरी काढा, तिला जोखीम स्तराने गुणा. आपल्या राज्यात तो ७० टक्के. समजा सात वर्षांचे आकडे आहेत १०, ९, ४, ११, ३, ८, १२ क्विंटल (आकडे माझे, हिशेबापुरते). वाईट दोन वर्षं, ४ आणि ३, गाळली. उरलेल्यांची सरासरी १०. तिचे ७० टक्के म्हणजे ७. इथे मी कौतुकच करेन. दुष्काळी वर्षांनी सरासरी खाली ओढली जाऊ नये एवढा विचार कोणीतरी केलेला आहे.

आता दुसरी यादी. यंदा किती पिकलं हे पाहायला मंडळात एका पिकाचे किमान १० कापणी प्रयोग घ्यायचे असा योजनेचा नियम. समजा पाच शेतांत ११ क्विंटल आलं आणि पाच शेतांत ३. बेरीज ७०, सरासरी ७. उंबरठाही ७. भरपाई शून्य! ज्याच्या पदरात ३ पडले त्यालाही शून्य. आणि लिहिताना एका शेताचे ११ चे १ झाले तर? सरासरी ६, मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला विमा रकमेच्या सुमारे १४ टक्के. ज्याची ११ क्विंटल पिकली त्यालासुद्धा. दहा आकड्यांतल्या एका आकड्याची ही ताकद. मग ते दहा आकडे बघायचा हक्क कोणाला हवा?

आमच्या चुलत्यांनी एका वर्षी एवढंच विचारलं होतं, "साहेब, कोणती दहा रानं धरली ते तरी सांगा." उत्तर मिळालं, "मंडळाची सरासरी आली काका, विषय संपला." विषय तिथे सुरू व्हायला हवा होता.

कुणी म्हणेल, ही कल्पना तर मोठ्या माणसांची आहे. खरं आहे. क्षेत्रावर आधारित पीक विम्याचा आग्रह भारतात धरला तो पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकरांनी, १९७६ च्या सुमारास. एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजत बसलं तर खर्च परवडणार नाही आणि खोटेपणाला ऊत येईल, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. पण त्यांच्या मांडणीत एक अट होती: ते क्षेत्र एकसारखं असावं. जमीन, पाणी, पाऊस सारखा असला तर शेजाऱ्याचं नुकसान ते माझं नुकसान. कालव्याच्या पाण्यावरचा कापूस आणि माळावरचा कोरडवाहू कापूस एकसारखे कधीपासून झाले? सूत्र घेतलं आणि अट वाटेत सांडली.

बेरीज तर सरासरीपेक्षा लबाड. २०२३ साली सरकारने आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, मग १०२१ मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती. मंडळांचा निकष असा: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या आत आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. म्हणजे चार महिन्यांची एक बेरीज. पण बेरजेला क्रम कळत नाही. त्या साली ऑगस्ट कोरडा गेला, १९०१ पासूनच्या नोंदींत देशात सगळ्यात कोरडा. पीक जळाल्यावर सप्टेंबरात कोसळलेला पाऊस बेरीज भरून काढतो, पीक नाही भरून काढत.

क्रम पाहणारा निकषही आहे म्हणा. २०२३ सालीच 'सततचा पाऊस' नुकसानीत धरायचं ठरलं. त्यातली एक अट: सलग ५ दिवस, रोज किमान १० मिलिमीटर. आता ही यादी घ्या: १४, ३२, ९.५, ४१, २२. पाच दिवसांत ११८.५ मिलिमीटर, रानात गुडघाभर चिखल, आणि अट नापास, कारण तिसऱ्या दिवशी अर्धा मिलिमीटर कमी. आणि तिसऱ्या दिवशी केंद्र बंद असेल तर? कोरा रकाना शून्य धरायचा की वगळायचा? तोच ऑफिसातला प्रश्न. फक्त इथे दाराबाहेर तिकीट उभं नसतं, माणूस उभा असतो.

माझे मित्र म्हणतील, मग काय, सूत्र नकोच? परत तलाठ्याच्या नजरेवर सोडायचं? अजिबात नाही. नजरअंदाजाची आणेवारी आपल्या आजोबांनी भोगली आहे. कोणाची नजर कशाने फिरायची हे गावाला माहीत असायचं. सूत्र हवंच. पण नजरअंदाजात निदान भांडायला एक माणूस होता. सूत्राशी भांडायचं तर ते आणि त्यातली यादी दोन्ही उघड्यावर हवीत.

म्हणून माझ्या मागण्या तीनच. निकालाच्या एका आकड्याबरोबर पूर्ण यादी लावा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर: कोणतं गाव, कोणता गट, किती किलो. कोऱ्या रकान्याचं काय करणार ते हंगामाआधी लिहून ठेवा, नंतर नको. आणि बेरीज की सरासरी की सगळ्यात कमी आकडा, हे कोणी निवडलं त्याची सही सूत्राखाली असू द्या. यातल्या एकालाही नवीन सॉफ्टवेअर लागत नाही.

गावाकडच्या मंडळींना एक विनंती. फळ्यावर यादी नसेल तर माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, साध्या कागदावर अर्ज चालतो. मंडळातल्या कापणी प्रयोगांच्या नोंदी मागा. मजकूर मी लिहून देतो, फोन करा. आणि माझ्यासारख्या आयटीवाल्यांनो, पुढच्या खेपेला सरासरीचं सूत्र टाइप करायच्या आधी एवढंच स्वतःला विचारा: या यादीतला सगळ्यात लहान आकडा कोणाचा आहे, आणि त्याला हे उत्तर तोंडावर सांगता येईल का?