आमच्या खिशात हा हेर कोणी बसवला?



फेडरेशनच्या कामासाठी दिल्लीला गेलो की आमचा मुक्काम बहुधा लक्ष्मीबाई नगरात असतो. झाशीच्या राणीच्या नावाची ही केंद्र सरकारी नोकरांची वसाहत, सरोजिनी नगरच्या बाजाराजवळ. तेथे टपाल खात्यातले आमचे एक जुने साथी क्वार्टरमध्ये राहतात, मूळचे सोलापूरकडचे. मागच्या खेपेस जेवणे आटोपल्यावर त्यांनी आपला मोबाईल आमच्यापुढे धरला. वहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सी.जी.एच.एस.च्या दराबाहेर किती पैसे घालावे लागतील, एवढेच त्यांनी दोन दिवसांपूर्वी शोधले होते. आता बातमी उघडली की शेजारी कर्जाची जाहिरात, क्रिकेटचा स्कोअर उघडला की गुडघ्याच्या हॉस्पिटलची. "सेक्रेटरीसाहेब, मी तर घरच्या माणसांनासुद्धा सांगितलं नव्हतं. यांना कसं कळलं?"

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तरी विचारून विचारून समजले ते सांगतो. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण वेबसाईट पाहतो ती खिडकी. वेबसाईट उघडली की तिच्याबरोबर जाहिरात कंपन्यांचे तुकडेही उघडतात आणि ब्राउझरमध्ये खुणेची चिठ्ठी ठेवून जातात. तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेबसाईटवर त्याच कंपनीचा तुकडा असला की ती आपली चिठ्ठी ओळखते. सेक्शन कंट्रोलर जसा कोणती गाडी कोठे किती वाजता होती ते चार्टवर ओढतो, तसा तुमच्या दिवसाचा चार्ट कोणीतरी ओढत असतो. कंट्रोलर तो गाड्या भिडू नयेत म्हणून ओढतो, हे गिऱ्हाईक निसटू नये म्हणून.

यावर आमचेच काही साथी म्हणतात, "आम्ही काय चोऱ्या करतो? लपवायचे काय?" टपाल कामगाराच्या तोंडून हे ऐकले की आम्हांला विशेष वाईट वाटते. लोक पाकीट चिकटवून पेटीत टाकतात ते चोर असतात म्हणून काय? दुसऱ्याचे पत्र फोडायचे नाही, ही तर टपाल कामगाराची इभ्रत. १९८६ साली टपाल अडवून तपासण्याचे सरकारी अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती ग्यानी झैल सिंग यांनी त्यावर सही केली नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि आपण रोज आपली सगळी पाकिटे फोडून चव्हाट्यावर ठेवतो!

रेल्वेवाल्यांनी हसू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये आय.आर.सी.टी.सी.ने प्रवाशांच्या माहितीतून पैसा उभा करण्यासाठी सल्लागार नेमण्याचे टेंडर काढले. नाव, वय, मोबाईल नंबर, पत्ता, कोणत्या वर्गाने प्रवास केला, पैसे कसे भरले, हे सारे त्यात आले. आकडा बोलला जात होता एक हजार कोटींचा. ओरड झाली, संसदेच्या समितीने बोलावले आणि २६ ऑगस्टला टेंडर मागे घेतल्याचे सांगण्यात आले. टेंडर मागे गेले म्हणजे भूक मेली असे समजू नका. माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य बंधने पाळायला कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत दिली. माहिती कामगाराची, मुदत मालकाला!

प्रश्न जाहिरातीवर थांबत नाही. १९७४ च्या मे महिन्यातला वीस दिवसांचा संप ज्यांनी केला त्या ज्येष्ठांकडून आम्ही शिकलो, की सभासदांची यादी परक्याच्या हाती पडली तर आधी कोणाचे दार वाजते. आज शाखेची यादी, वर्गणीचा हिशेब सगळे त्याच ब्राउझरमधून जाते. चार्जशीट हातात पडलेला ट्रॅकमन रात्री बारा वाजता त्यातच शोधतो की उत्तर कसे द्यावे, नोकरी गेली तर पेन्शनचे काय. हे त्याने अजून आम्हांलाही सांगितलेले नसते.

बहुतेकांच्या मोबाईलमध्ये क्रोम आयताच आलेला असतो. तो गुगलचा, आणि गुगलची मोठी कमाई जाहिरातीची. परक्या कंपन्यांच्या कुकी दोन वर्षांत बंद करू, असे तिने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले. तारखा पुढे ढकलत जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडला. त्यातल्या 'इनकॉग्निटो'वर विसंबणाऱ्यांनी हेही ऐकावे: त्यावरून अमेरिकेत २०२० मध्ये खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचे कबूल केले. स्वतःच्या नफ्याला स्वतः कात्री लावणारा मालक आम्ही तरी पाहिलेला नाही.

फायरफॉक्स फुकट आहे, मराठीत चालतो आणि परक्या कुकी ज्या-त्या वेबसाईटपुरत्या कोंडून ठेवतो. ब्रेव्ह जाहिराती आणि माग काढणारे तुकडे मुळातच अडवतो. हे सोवळे आहेत असे नव्हे. फायरफॉक्समागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे, पण तिचे बहुतेक उत्पन्न गुगलकडूनच येते. शिवाय ब्राउझर बदलला तरी ॲप माग काढतच राहतात, आणि 'पेन्शन किती मिळेल' म्हणून तुम्हीच कोठे नंबर भरला असेल तर एजंटचे फोन येणारच. तरीही डासांचा पुरता नायनाट होत नाही म्हणून कोणी मच्छरदाणी फेकून देत नाही.

साथींच्या मोबाईलवर त्या रात्री फायरफॉक्स बसवायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. खात्याच्या संगणकाला मात्र हात लावू नका. तेथे नियम खात्याचा, आणि उगाच एक मेमो ओढवून घ्याल. आमच्या शाखा कार्यालयातला संगणक युनियनचा, तो आम्ही बदलला. सभासद नोंदणीचा फुकटचा ऑनलाइन फॉर्म बंद करून पावती पुस्तक पुन्हा काढले आहे. कोषाध्यक्ष कुरकुरतात, कुरकुरू देत. पुढच्या गेट मीटिंगला येताना मोबाईल चार्ज करून आणा; आमचा एक तरुण पॉइंट्समन अर्धा तास आधी येऊन बसणार आहे.