उशिरा पुढे आलेला गायक

फ्रेडी मर्क्युरी म्हटलं की पिवळं जॅकेट, झुपकेदार मिशी आणि वर उगारलेली मूठ आठवते. हा गडी जन्माला आला तोच मंचाच्या मधोमध, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याची उमेदवारी बरीच वर्षं मंचाच्या कडेलाच गेली.

५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये पारशी घरात जन्मलेला फारुख बलसारा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला आला. मुख्याध्यापकांनी पोराचं संगीताचं अंग हेरून घरी कळवलं. जादा फी भरून पियानोची शिकवणी लागली आणि चौथ्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षाही झाल्या. शाळेतल्या ‘हेक्टिक्स’ बँडमध्ये पुढे उभा राहून गाणारा दुसराच होता, हा पियानोवर. तेव्हा पाचगणीने त्याच्यावर हक्क जरूर सांगावा, पण वादक म्हणून!

झांझिबारमध्ये १९६४ साली क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब लंडनजवळ फेल्थमला आलं. ईलिंगच्या कला महाविद्यालयात त्याने ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली, रॉजर टेलरबरोबर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. टेलर आणि ब्रायन मे यांच्या ‘स्माइल’ बँडमागे हिंडत तो कपडे कसे घालावेत, उभं कसं राहावं, असे न मागितलेले सल्ले देई. १९७० मध्ये त्यांचा गायक सोडून गेला, तेव्हा कुठे याचा नंबर लागला. बँडचं ‘क्वीन’ हे नवं नाव त्याचंच. बोधचिन्हही त्यानेच रेखाटलं, तेही चौघांच्या राशींवरून: दोन सिंह, एक खेकडा आणि कन्येच्या दोन पऱ्या. (बँड काढताना पत्रिकाही पाहिल्या असतील, कोण जाणे.)

१३ जुलै १९८५ चा वेम्बलीवरचा ‘लाइव्ह एड’ कार्यक्रम आजही चमत्कार म्हणून सांगितला जातो. त्यातल्या आपल्या वीसएक मिनिटांसाठी क्वीनने थिएटर घेऊन, घड्याळ लावून तालमी केल्या होत्या. क्वीनवरच्या २०१८ च्या चित्रपटाला मात्र फुटलेला बँड, दिलजमाई आणि आजाराची कबुली हवी होती. बँड फुटलेला नव्हताच; मे महिन्यातच त्यांनी जपानचा दौरा उरकला होता. आजाराचं निदानही बहुतेक चरित्रकारांच्या मते १९८७ चं. तो एड्सने आजारी असल्याचं जगाला कळलं ते २३ नोव्हेंबर १९९१ रोजी. दुसऱ्याच दिवशी तो गेला. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. मुळातच इतकं नाट्य असताना पदरचं कशाला घालायचं?