पावित्र्य पाण्यावेगळे काढता येते काय?



इंद्रायणी देहूहून निघून आमच्या तळवड्याच्या शिवेवरून आळंदीकडे जाते. आळंदीच्या घाटाशी तिच्यावर तरंगणारा पांढरा फेस वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. त्याविषयी बोलू लागले की काही वक्ते म्हणतात, "घाण पाण्याला लागते, पावित्र्याला लागत नाही." श्रोते टाळी वाजवितात. हे वाक्य मीही कीर्तनात अनेकदा सांगितले आहे. ते गोड आहे, पण सिद्धांताला धरून नाही.

यात पावित्र्य हा पाण्यावेगळा पदार्थ धरला आहे. वैशेषिकांनी गुण आणि गुणी असेच निराळे मानले व त्यांना जोडायला समवाय नावाचा संबंध कल्पिला. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात त्यावर दोष दिला : तो समवाय तरी कशाने जोडायचा? त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा; अनवस्था संपतच नाही.

माउलींनी अमृतानुभवाच्या पाचव्या प्रकरणात सोन्याचा दृष्टांत दिला. कांती, काठिण्य, कनक मिळून सोने एकच. यावर पूर्वपक्ष असा : कांतीही सोने, काठिण्यही सोने, तर कांती म्हणजेच काठिण्य काय? मग शब्द दोन कशाला? याचे उत्तर तेथेच सापडते. सत् हे पद असत् निवारते, चित् जडत्व निवारते, आनंद दुःख निवारतो. वस्तू एकच, प्रत्येक पदाचे काम आपापला विरोधी दूर सारण्याचे.

तेच माप येथे लावा. 'पवित्र' हे पद काय निवारते? समोरचा मळही निवारीत नसेल, तर तो शब्द नव्हे, नुसता ध्वनी.

कोणी म्हणेल, नदीचे पावित्र्य संतसंगाचे आहे, स्वच्छतेचे नव्हे. मान्य. पण संतांचा संग घडला तो याच जळाला, कल्पनेतल्या नदीला नव्हे. वारकरी स्नान करतो ते याच पाण्यात, आणि तीर्थ म्हणून ओंजळ तोंडाला लावतो तीही याचीच. पावित्र्य एकदा बाजूला काढून ठेवले की पाण्यात वाटेल ते सोडायला मोकळीक होते, आणि सोडणाऱ्याला आपणच व्यासपीठावरून अभय देतो.

म्हणून श्रोत्यांना विनंती. हे वाक्य पुन्हा कानी आले, तर टाळी वाजविण्याआधी वक्त्याला नम्रपणे एवढेच विचारावे : महाराज, हे तीर्थ आपण घ्याल काय?